मातेऱ्याचा भात

आमच्या घरात महिन्याचं बजेट आलं ते काकाला धाटावच्या कारखान्यात पगार सुरू झाल्यावर. त्याआधी हिशेब वर्षाचा असायचा, आणि तोही रुपयांत नाही, पायलीत. दिवाळीच्या सुमाराला भात घरात यायचं. शिमग्यापर्यंत घर भरल्यासारखं वाटायचं. खरी कसोटी लागायची आषाढ-श्रावणात. लावणी उरकलेली, हाताला काम नाही, दारात पाऊस. त्या दिवसांत कणगीचा तळ दिसू न देणं म्हणजे संसार, असं आजीचं साधं म्हणणं होतं.

खरं तर तांदळाची चणचण भासावी असं आमचं अष्टमी हे गावच नव्हे. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, मध्ये पूल, आणि दोघांची नगरपालिका एकच. रेल्वे इथवर आली १९८६ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथला माल नदीतून जायचा. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव वर चढायचे, तांदूळ भरायचा, आणि ओहोटी लागली की रेवदंड्याकडे सुटून पुढे मुंबई गाठायची. रोहे-अष्टमी ही भाताची पेठ होती. मुंबईच्या ताटातला बराच भात या काठावरून गेलेला आहे.

आजोबा अशाच एका पेढीवर मापारी होते. माप भरताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. दिवसभर दुसऱ्याचा लाभ मोजून संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा पंच्याच्या गाठीत मातेरं असायचं. मापताना वखारीच्या जमिनीवर जे दाणे सांडतात, मातीत आणि खड्यांत मिसळतात, ते झाडून गोळा केलं की झालं मातेरं. ते मापाऱ्याचं, अशी पद्धत. कागदावर कुठे नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं.

त्या मातेऱ्यातून भात काढणं ही आजीची कला होती. आधी सुपात पाखडायचं, म्हणजे धूळ आणि पळंज जातं. मग रोवळीत घालून पाण्यात रोळायचं. हाताला एक हेलकावा असा द्यायचा की दाणा वर येतो आणि खडा तळाला बसतो. मला तो हेलकावा कधीच जमला नाही. मग अंगणात वाळवण, आणि वाळलं की उखळ. कांडून झालं की चार वाटण्या व्हायच्या. अख्खा तांदूळ वेगळ्या डब्यात, तो पाहुण्याला आणि सणाला. कणी घरच्यांना, पेजेला किंवा दळून भाकरीला. कोंडा कोंबड्यांना. तूस चुलीत. यातलं टाकायचं काहीच नाही. तांदूळ एक वर्ष जुना असला तर शिजताना फुगतो, नवा चिकटतो आणि पातेल्यात बसतो. म्हणून नवं भात घरात आलं तरी आजी जुनंच काढायची. नव्या भाताचा पहिला वास घरभर असायचा आणि ताटात मात्र मागल्या वर्षीचा तांदूळ.

चूलसुद्धा मोजून चालायची. मुख्य तोंडावर भात, बाजूच्या वैलावर वाल किंवा कालवण. भाताला लागणाऱ्या जाळातच दुसरं भांडं शिजलं पाहिजे. भात वेळून काढला की पेज एका भांड्यात, त्यात मीठ. तीच लहान मुलांची आणि आजाऱ्यांची न्याहारी, आणि त्यातूनही उरली तर आजोबांच्या टोपीला खळ. फोडणी कढईत नाही, पळीत व्हायची. पळीत तेल कमी लागतं, आणि फोडणी ओतल्यावर ती पळी कालवणात बुडवून घोळवली की पळीला चिकटलेलंही वाया जात नाही.

मे महिना उजाडला की आगोट. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी हे आमच्याकडे बायकांचं अर्थसंकल्पी अधिवेशनच. पेणच्या मिठागरांतलं मीठ पोत्यानं यायचं आणि रांजणात जायचं. आमसुलं वाळायची. फणसाच्या आठळ्या कोरड्या मातीत पुरून ठेवायच्या. वालाला राख चोळायची, म्हणजे कीड लागत नाही. रेवदंडा-चौलकडून कोळणी सुकी मासळी घेऊन यायच्या. जवळा, वाकट्या, बोंबील. पैसे फारसे कोणाकडेच नसायचे. भाताच्या बदली जवळा, मापाला माप. जवळा म्हणजे गरिबाचा मसालाच. एक मूठ भाजून वांग्यात टाकली की वांग्याला माशाचा वास, आणि जेवणाऱ्याला समाधान की आज मासे आहेत.

मग वाल. भात कापलेल्या शेतातल्या ओलीवर वाल येतात, त्यांना वेगळं पाणी द्यावं लागत नाही. आदल्या दिवशी भिजत घातलेले दोन मुठी वाल मोड आल्यावर पातेलंभर होतात. सोलायला सगळं घर बसायचं. सोललेल्या डाळिंब्यांचं बिरडं माणसांना, सालं गाईला. थंडीत शेंगा कोवळ्या असल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा आणि मीठ, मडकं उपडं, भोवती जाळ. थेंबभर तेल नाही, पाणी नाही. आता ही पोपटी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना कोंबडी घालून विकतात. आत्या म्हणते, “शेताच्या बांधावर फुकट मिलायची ती, बाय. आता तिला पण तिकीट.”

पावसाच्या तोंडावर डोंगरातून कातकरणी यायच्या. डोक्यावरच्या टोपलीत शेवळं आणि सोबत काकडं, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. पुढे टाकळा, कुर्डू, कंटोळी. थंडीत करांदे. आजी त्यांना पैसे देत नसे. कणी द्यायची. एक चिपटं कणी आणि कधी जुनेरं लुगडं. “कणी दिली का तांदूल वाचतो,” ती सांगायची, आणि सगळे कौतुकाने माना डोलवायचे.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा मलाही तिची हुशारीच दिसली. आता ऐकताना दुसरंही काही दिसतं. पेढीवर सांडलेलं ते आम्ही खात होतो, आमच्या उखळात मोडलेलं त्या खात होत्या. आमची काटकसर त्या टोपलीवर उभी होती, आणि ती टोपली डोंगर उतरून यायला काय पडतं हे आमच्या कोणत्याच हिशेबात नव्हतं. घरातही तीच उतरण. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि शेवटी नवी सून. आजी नवी सून असताना तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची खरवड यायची. आजी ती ताक घालून खायची आणि म्हणायची की तिला खरवडच आवडते. आईने हे वाक्य तिच्याकडून उचललं. मी ते आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही, एवढीच माझी प्रगती.

आजी माहेरची अलिबाग तालुक्यातली, चरीच्या बाजूची. ती वयात येत होती तेव्हा तिथे शेतकऱ्यांचा संप चालू होता. १९३३ ते १९३९. खोत खंडात पिकाचा मोठा वाटा नेतो, तर मग पीकच काढायचं नाही, असं ठरवून लोकांनी शेतं ओसाड ठेवली. पुढारी नारायण नागू पाटील. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. एका हंगामासाठी उपास काढणं वेगळं आणि वर्षामागून वर्षं नांगर न धरणं वेगळं. लोक खाडीत उतरले. चिंबोऱ्या, निवट्या, मिळेल ते. लाकडाच्या मोळ्या विकल्या. आजीची आई एका चिंबोरीचं कालवण साऱ्या घराला पुरवायची. नांग्या मुलांना, पेंदा कुटून त्याचं पाणी गाळून कालवणात, आणि कवच दिवसभर चोखायला. आजीची काटकसरीची शाळा ही.

मला लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या दिवसांच्या भुकेची गोष्ट आजी ताठ बसून सांगायची. आवाज चढायचा, खोताची नक्कल व्हायची. लढाईच्या दिवसांची गोष्ट मात्र ती खाली बघून आणि थोडक्यात उरकायची.

लढाईची म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. भाव चढले, आणि तांदळाच्या पेठेत राहून आमच्या घरात तांदूळ मोजून दोन ओंजळींवर आला. पेढीवर सांडणंही बंद झालं. एकेक दाणा मालकाच्या नजरेखाली. मातेरंच नाही म्हटल्यावर मापाऱ्याने खायचं काय? आठळ्या कुटून त्यांचं पीठ भाकरीत गेलं. कच्च्या केळ्याची सालंसुद्धा उकडून चटणीत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुख रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जन्म रायगडाजवळच्या नात्याचा, पण घराणं रोह्याचं, वडील तिथले वकील. आजोबांना त्याचा फार अभिमान. पुढे नोटेवर त्यांची सही आली तेव्हा आजोबांनी ती कौतुकाने दाखवली. आजी म्हणाली, “मानूस आपला हाय, तर नोटेला जरा घरात थांबाया सांगा.”

पासष्ट-सहासष्टची गोष्ट आत्याची. दुष्काळ, अमेरिकेचं धान्य, आणि रेशनवर गव्हाबरोबर मिलो. तो तांबूस जोंधळा. भात खाणाऱ्या मुलखाला तो कसा खायचा हेच ठाऊक नव्हतं. भाकरी थापायला जावं तर भेगा, खावी तर घशात अडकते. आजीने निम्मा मिलो आणि निम्मी कणी एकत्र दळली, उकड काढली, आणि भाकरी निदान तव्यावर एकसंध राहू लागली. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आजीने ऐकून घेतलं. म्हणाली, “मी लग्न झाल्यापासून सोमवार करते. आता सरकारने धरला.”

ही आत्या लग्न होऊन परळला गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाईने कहर केला तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आत्याही गेली होती, थाळी बडवत. परत येऊन तिने त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. मला आजीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते. तेल महाग झालं तर पळीत फोडणी द्यावी, हे खरं. पण तेल महाग का झालं, हे विचारायला घराबाहेर पडणारी आमच्या घरातली ती पहिली बाई. आजीने तिला पत्र लिहवून घेतलं होतं. त्यात एकच चौकशी. थाळी पितळेची नेलीस का ॲल्युमिनियमची? पितळेची पोचते.

धाटावला औद्योगिक वसाहत झाली, काका कामाला लागला, आणि घरात दर महिन्याला नोटा येऊ लागल्या. वाण्याची उधारीची वही बंद झाली. गॅस आला, वैल गेला. हे सगळं चांगलंच झालं. चुलीच्या धुराने आजीचे डोळे गेले होते, तेव्हा त्या चुलीचे गोडवे मी गाणार नाही. पण त्याच वर्षांत नदीचं पाणी बदललं. कारखान्यांचं सांडपाणी कुंडलिकेत उतरलं आणि मासळी कमी होत गेली. पूर्वी भरतीच्या वेळी पागेर, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन गेलेला माणूस रात्रीचं कालवण घेऊन परतायचा. आता तेच कालवण बाजारातून. पगारातला एक भाग हा नुसता पूर्वी फुकट मिळणाऱ्या वस्तू विकत घेण्यात जाऊ लागला, आणि हा खर्च कोणी कधी वहीत वेगळा मांडला नाही. कालव्याचं पाणी आल्यावर आमच्या तुकड्यात उन्हाळी भात होऊ लागलं, वाल गेले. आज कडवे वाल तूरडाळीहून महाग आहेत. जवळा तर वजन करून घेताना हात आखडतो. आजीने जे पोट भरायला खाल्लं ते आता आम्ही चैन म्हणून खातो.

म्हणून ‘आजीसारखं चालवा, घरखर्च निम्म्यावर येईल’ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. दोडक्याच्या शिरांची चटणी करता येईल, शिळ्या भाताचे सांडगेही घालता येतील. पण खाडी कुठून आणणार? डोंगरावरून शेवळं घेऊन येणारी आणि कणीवर समाधान मानणारी बाई कुठून आणणार? आणि आणू तरी का?

आता अष्टमीचं घर चुलतभावाची बायको चालवते. तिची यादी मोबाइलमध्ये असते आणि ती आजीइतकीच कडक आहे. २०२३ पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. त्यातला तांदूळ ती भातासाठी वापरत नाही, दळून त्याच्या भाकऱ्या करते आणि भाताला कोलम विकत घेते. गणपतीआधी दोन महिने ती पेणला मावसबहिणीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायला जाते. त्या पैशांत वर्षाचा मसाला आणि मुलांची पुस्तकं होतात. आजीच्या आगोटीचं आताचं रूप ते हेच असावं.

आत्या परळहून परत येऊन तिच्याजवळच राहते. रेशनच्या तांदळात पोषक घटक मिसळलेले दाणे येऊ लागले, ते पाण्यावर तरंगतात. आत्या त्यांना प्लॅस्टिक म्हणते आणि रोवळी घेऊन एकेक वेचून काढते. सुनेने तिला बरंच समजावलं की आत्याबाई, त्यात लोह आहे, अंगाला चांगलं. आत्या म्हणाली, “लोखंड तव्यात असतं गो, भातात कशाला?” वेचलेले दाणे ती कोंबड्यांना टाकते. मी गेले की येताना पिशवीत अंडी देते.