आधीं खेळणें, मग यंत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमचें जेवणाचें टेबल पंधरा दिवस आमच्या मालकीचें राहिलें नव्हतें. आमचा भाचा यंत्रशास्त्र शिकतो. त्यानें एके सकाळीं एक लांबट पेटी आणून टेबलावर ठेवली आणि तिच्यांतून अंक घातलेल्या पिशव्या एकामागून एक बाहेर काढल्या. काळ्या कार्बन-तंतूंच्या फळ्या, पोलादी दांडे, इवलींइवलीं बेअरिंगें आणि मोजतां मोजतां कंटाळा यावा इतके स्क्रू. बिनतारी संदेशांनीं चालवावयाच्या हेलिकॉप्टरचा तो संच होता. जुळून झाल्यावर त्याच्या पंख्याचा व्यास दीड मीटरहून अधिक भरावयाचा होता. "एवढा मोठा झालास, आणि अजून खेळणींच का?" असें आम्ही बोलून गेलों. "मामा, हें खेळणें नाहीं," एवढेंच म्हणून तो स्क्रू पुसूं लागला.

आमचा विषय इतिहास. यंत्रांशीं आमचा संबंध घड्याळास किल्ली देण्यापलीकडे कधीं गेला नाहीं. पण शब्द चुकला असें कोणी म्हटलें म्हणजे अध्यापकाला चैन पडत नाहीं. म्हणून या 'खेळणें' शब्दाचीच चौकशी करावयास आम्ही बसलों, आणि जें आढळलें तें आमच्या समजुतीच्या अगदीं उलट निघालें. आगगाडी आधीं झाली, तिचें खेळणें मागाहून आलें. मोटारीचेंहि तसेंच. हेलिकॉप्टरच्या घराण्यांत मात्र लेंकरूं आधीं जन्मलें आणि बाप मागाहून! हवेंत सरळ वर चढणारें खेळणें युरोपांत विद्वानांपुढें उडून दाखविलें गेलें, त्यानंतर माणसाला जमिनीवरून थोडेंसें उचलणारें यंत्र होण्यास सुमारें सव्वाशें वर्षें जावीं लागलीं.

तें खेळणें १७८४ सालच्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेस पॅरिस येथील विज्ञान-अकादमीपुढें उडालें. लोन्वा नांवाचा एक निसर्गशास्त्रज्ञ आणि ब्यांव्हन्यू नांवाचा एक कारागीर यांनीं तें केलें होतें. एका काडीच्या दोन टोकांस पक्ष्यांच्या पिसांचे दोन पंखे, आणि त्यांना फिरविण्यासाठीं एक लवचिक धनुष्य. दोरीला पीळ देऊन सोडलें कीं दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट दिशेनें फिरत आणि काडी छताकडे झेपावे. त्यापूर्वी तीस वर्षें, १७५४ सालीं, रशियांत लोमोनोसोव्ह यानेंहि घड्याळाच्या कमानीवर चालणारें असेंच एक यंत्र तेथील अकादमीपुढें मांडलें होतें; हवामान मोजण्याचीं उपकरणें त्यानें वर न्यावीं हा त्याचा हेतु. दोघांच्याहि यंत्रांत पंखे दोन आणि दिशा उलट, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. पंख्याला एका अंगानें फिरविलें कीं ज्या धडावर तो बसविलेला आहे तें धड दुसऱ्या अंगानें फिरूं पाहतें. दोन उलट पंखे एकमेकांचा हा ओढा मारतात. आमच्या टेबलावरील संचांत तेंच काम शेपटीच्या टोकाचा लहान पंखा करतो. पहिला प्रश्न असा पिसांनीं आणि काड्यांनींच सुटला होता.

पुढें इंग्लंडांत जॉर्ज केली यानें १७९६ सालीं बुचें आणि पिसें घेऊन तसेंच खेळणें केलें व १८०९ सालीं त्याचें वर्णन छापलें. फ्रान्समध्यें पाँताँ द'आमेकूर यानें १८६३ च्या सुमारास वाफेवर चालणारी एक देखणी प्रतिकृति बनविली. ती उडाली नाहीं, पण तिच्या निर्मात्यानें घडविलेला शब्द मात्र जगभर उडाला. ग्रीक भाषेंत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. त्यांचा समास तो हेलिकॉप्टर. आज लोक त्याचे 'हेलि' आणि 'कॉप्टर' असे तुकडे पाडून दोन्ही तुकडे सुखानें वापरतात. व्याकरणाच्या माणसाला हें दुःख गिळावें लागतें. वाफेनें उडण्याचें यश १८७७ सालीं इटलींतील फोर्लानिनीच्या प्रतिकृतीस मिळालें. तिचें वजन साडेतीन किलो. ती मिलान शहरीं सुमारें तेरा मीटर उंच चढली आणि वीस सेकंद टिकली.

या सर्व खेळण्यांत इतिहासाच्या दृष्टीनें अत्यंत भाग्यवान् खेळणें म्हणजे आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणानें १८७० सालीं रबराच्या पिळावर चालविलेलें. त्याच्याच धर्तीचें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं नेलें. मोठ्याचें वय अकरा, धाकट्याचें सात, आडनांव राइट. मुलांनीं त्याचें नांव 'वटवाघूळ' ठेवलें, तें मोडेपर्यंत उडविलें, आणि मग स्वतः तशींच नवीं करूं लागलीं. प्रत्येक नवें पहिल्याहून मोठें करावें ही बालबुद्धि. पण जों जों वटवाघूळ मोठें होई तों तों तें वाईट उडे. लांबीरुंदी दुप्पट केली तर शक्ति आठपट लागते हें तेव्हां आपणांस ठाऊक नव्हतें, असें त्या बंधूंनीं १९०८ सालच्या एका लेखांत लिहिलें आहे. आमच्या भाच्यानें कागदावर आंकडे मांडून आम्हांस दाखविलें कीं सरळ वर तरंगणाऱ्या यंत्राला ती आठपटहि पुरत नाहीं, अकरापटींहून थोडी अधिक लागते. वजन आठपट होतें. पंख्याचें क्षेत्र मात्र चौपटच वाढतें. खेळणें सव्वाशें वर्षें खेळणेंच कां राहिलें, याचें निम्में उत्तर या हिशेबांत आहे. हलकें आणि दांडगें एंजिन मिळेपर्यंत मोठेपणा परवडण्याजोगा नव्हता.

उरलेलें निम्में उत्तर अधिक अवघड आहे. १९०७ सालीं फ्रान्समध्यें यंत्र माणसासकट जमीन सोडूं लागलें; पण सोडणें निराळें आणि हवेंत राहणें निराळें. तरंगणारें हेलिकॉप्टर किंचित् एका बाजूस कललें कीं त्या बाजूस घसरूं लागतें. घसरतांना समोरून वारा लागून पंखा उलट कलतो. मग तें उलट घसरतें, आणि प्रत्येक झोका पहिल्यापेक्षां मोठा होत जाऊन शेवटीं यंत्र उलथतें. हातावर उभी काठी तोलणाऱ्या मुलाचे जे हाल, तेच चालकाचे. हें कोडें ज्यांनीं सोडविलें त्यांतील एकाची कथा आमच्या मतें या सर्व इतिहासाचें हृदय आहे.

आर्थर यंग हा एका निसर्गचित्रकाराचा मुलगा. प्रिन्स्टन येथें गणित शिकून तो १९२७ सालीं बाहेर पडला. त्याची हौस तत्त्वज्ञानाची. सबंध विश्वाला लागू पडेल असा एक सिद्धान्त रचावा ही त्याची महत्त्वाकांक्षा. परंतु तितकी आपली तयारी नाहीं हें ओळखून, बुद्धीला शिस्त लागावी म्हणून एखादें खरेंखुरें, हट्टी कोडें हातीं घ्यावें असें त्यानें ठरविलें, आणि हेलिकॉप्टर निवडलें. एका कोड्यासाठीं त्यानें बारातेरा वर्षें दिलीं, आणि दिलीं तीं प्रतिकृतींना. त्यांतलीं पहिलीं दहाएक वर्षें एका चुकीच्या कल्पनेवर गेलीं: मोठ्या पात्यांच्या टोकांना लहान पंखे लावून तीं पातीं फिरवावीं, अशी ती कल्पना होती. १९३८ च्या सुमारास ती त्यानें सोडून दिली. दहा वर्षांचें काम असें खालीं ठेवणें किती कठीण, तें ज्यांनीं एखादा प्रबंध अर्ध्यावर फाडला असेल त्यांसच कळेल.

त्यानंतर पाओली गांवच्या एका जुन्या कोठारांत तो विजेवर चालणाऱ्या, तारेनें ताब्यांत ठेवावयाच्या लहान प्रतिकृति करूं लागला. लहानपणाचा फायदा असा कीं त्या आपटल्या तर कोणी मरत नसे, आणि पुन्हा लवकर उभ्या करतां येत. अशा मोडतोडींतून त्याला एक साधी युक्ति सांपडली. पात्यांच्या काटकोनांत, त्यांच्याबरोबरच फिरणारी, टोकांना वजनें असलेली एक दांडी. फिरता भोंवरा जसा आपली पातळी सोडीत नाहीं तशी ही दांडी सोडीत नाहीं. खालचें धड कललें तरी ती पात्यांना सरळ ठेवते आणि झोके मरतात. सप्टेंबर १९४१ मध्यें बफेलो शहरीं बेल कंपनीच्या कारखान्यांत त्यानें आपली प्रतिकृति उडवून दाखविली. नोव्हेंबरांत तो आपला बालमित्र बार्ट्रम केली यासह तेथें दाखल झाला, आणि पुढें १९४६ सालच्या मार्चच्या ८ तारखेस बेल ४७ या हेलिकॉप्टरला अमेरिकेंत नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला. ज्याचें पारदर्शक डोकें साबणाच्या फुग्यासारखें दिसतें तें हें यंत्र. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयांत आज त्यांतील एक टांगलेलें आहे. यंग स्वतः कांहीं वर्षांनीं पुन्हा तत्त्वज्ञानाकडे वळला, व १९७६ सालीं त्यानें आपला विश्वाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. तो सिद्धान्त टिकेल कीं नाहीं याबद्दल आम्हांस शंका आहे, दांडी टिकली.

आतां वाचकांस वाटेल कीं मोठें यंत्र साधल्यावर त्याचें बिनतारी खेळणें करणें सोपें झालें असेल. तें साधावयास आणखी पाव शतक लागलें. लहान लंबक जसा भराभर हलतो तसें लहान यंत्र भराभर कलतें. बेल ४७ च्या पंख्याचा व्यास सुमारें अकरा मीटर. दीड मीटरच्या प्रतिकृतींत तोच झोका अडीचपटींहून अधिक वेगानें येतो. शिवाय चालक आंत बसलेला नसतो. यंत्राचें तोंड त्याच्याकडे वळलें कीं त्याचें डावें तें यंत्राचें उजवें होतें. जर्मनींतील एंजिनियर डीटर श्ल्यूटर यानें पुष्कळ अपयशें पचवून १९७० सालीं आपली प्रतिकृति सलग जवळजवळ अर्धा तास हवेंत ठेवली, आणि त्यानंतर त्याचे संच विकत मिळूं लागले. पुढें कित्येक वर्षें अशा संचांच्या माथ्यावर काय असे? यंगचीच दांडी! तिच्या टोकांना स्टॅन्ली हिलर या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाच्या पद्धतीचीं वल्ह्यासारखीं पातीं जोडलेलीं असत. खेळण्यानें यंत्राला जें दिलें तें यंत्रानें खेळण्याला परत केलें, असा व्यवहार आम्हीं तरी दुसऱ्या कोठें पाहिला नाहीं.

हें सर्व वाचून आम्ही मोठ्या उत्साहानें टेबलाकडे गेलों व "यंगची दांडी कोठें आहे?" असें विचारलें. भाच्यानें काडेपेटीएवढी एक डबी दाखविली. २०१० च्या आसपास या छंदांतून दांडी गेली. कलण्याचा वेग विजेच्या सूक्ष्म जायरोंनीं मोजून ही डबीच पात्यांना दुरुस्त करीत असते. आम्ही थोडे हिरमुसलों. जें डोळ्यांना दिसत होतें तें आतां डबींत गेलें, आणि संचांत तर सर्वच प्रश्न दुसऱ्यांनीं सोडवून ठेवलेले. मग जुळविणाऱ्याच्या वांट्याला उरतें काय? हा प्रश्न आम्हीं त्याला स्पष्टच विचारला. तो म्हणाला, "काळजी." तें कसें तेंहि त्यानें सांगितलें. पातीं मिनिटास दोन हजार फेरे घेतात; टोकाचा वेग ताशीं सहाशें किलोमीटरच्या घरांत जातो. असल्या यंत्रांनीं परदेशांत माणसें मारलीं आहेत. धातूंत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला तेल पुसून निळा डिंक लावावा लागतो. नाहीं तर थरथरीनें तो सुटतो. मोठें यंत्र लहानापेक्षां संथ, म्हणून उडविण्यास सोपें; पण चुकलें तर तितकेंच महाग. आम्हीं त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाबद्दल कुरकूर केली नाहीं.

पहिल्या उड्डाणास आम्ही गेलों होतों. गांवाबाहेर मोकळें माळरान, पहाटेची वेळ. आम्हांस पुष्कळ मागें उभें करण्यांत आलें. पातीं फिरूं लागतांच तीं दिसेनाशीं झालीं, गवत आडवें पडलें, आणि यंत्र कमरेइतकें वर येऊन थांबलें. खरोखर थांबलें; जसें कोणी खुंटीस टांगावें. दोन मिनिटांनीं शेपटीला बारीक कंप सुटलेला भाच्यानें हेरला आणि लगेच तें खालीं उतरविलें. पातीं पूर्ण थांबेपर्यंत तो जागचा हलला नाहीं. मग गुडघे टेंकून त्यानें शेपटीचा प्रत्येक स्क्रू चांचपला. एक अर्ध्या आट्यानें सैल झाला होता. ती पिशवी जुळवीत असतां आम्ही त्याला पेनोची कथा सांगत बसलों होतों, हें आम्हांस चांगलें आठवतें. त्यानें तो काढला, पुसला, आणि कांहीं न बोलतां निळी बाटली आमच्या हातीं धरावयास दिली.