बिंदुसरेच्या कांठचें बीड

नगराचा इतिहास लिहूं जातां प्रथम दृष्टि जाते ती राजांच्या वंशावळीवर. परंतु नगर जगतें तें राजामुळें नव्हे, तर पाण्यामुळें. माणसांनीं कोठें वसावें, किती वसावें, निरोगी राहावें कीं रोगानें गांजावें आणि बाहेरच्या जगाशीं त्यांचें दळणवळण कितपत असावें, हे प्रश्न दरबारांत जितके सुटतात त्याहून अधिक नदीच्या कांठीं आणि विहिरीच्या तळाशीं सुटतात. मराठवाड्यांतील बीड नगराची कथा याची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी बिंदुसरा ही लहानशी नदी बीडचे दोन भाग करून पुढें सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा गोदावरीस. सह्याद्रीनें मेघांचें बहुतेक पाणी आधींच अडवून घेतल्यामुळें हा सारा प्रदेश पर्जन्यछायेंत पडला आहे. नदीचें पात्र वर्षांतील पुष्कळ महिने कोरडें राहावें, यांत नवल नाहीं. म्हणूनच येथील जाणत्या माणसांनीं डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापेक्षां भूमीच्या पोटांतील पाण्यावर अधिक भिस्त ठेविली.

या शहाणपणाचा थोर नमुना म्हणजे खजाना बावडी. अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्यानें नगराच्या दक्षिणेस कांहीं मैलांवर ही प्रचंड विहीर हिजरी ९९१, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास बांधविली. तिची रचना राजा भास्कर नांवाच्या स्थापत्यविशारदानें केली, अशी परंपरा आहे. खजिन्यांतील द्रव्य हिच्यावर वेंचलें गेलें, म्हणून तें नांव पडलें असें सांगतात. विहिरीला तीन भुयारें आहेत. दोहोंतून पाणी आंत येतें आणि तिसऱ्यांतून तें केवळ उताराच्या बळावर नगराकडील शेतांना जातें. मोट नको, बैल नको, माणसाचा हातही नको! भयंकर दुष्काळांतही ती आटली नाहीं, अशी तिची ख्याति आहे. पुढें सतराव्या शतकांत मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जे नहर आणिले त्यांच्या मुळाशीं हेंच तत्त्व होतें.

पाणी आलें कीं माणसें येतात आणि माणसांबरोबर त्यांचे देव व पीर येतात. पाण्याच्या कुंडांत उभें असलेलें कंकालेश्वराचें प्राचीन मंदिर, टेकडीवरील खंडोबा व त्याच्या उंच दीपमाळा, शहेनशाहवलींचा दर्गा, जामा मशीद, हीं सर्व एकाच नगराच्या परिसरांत नांदत आलीं. महादजी शिंद्यांसारखा पराक्रमी मराठा सरदार ज्यांना गुरु मानीत असे, ते मन्सूरशाह याच बीडचे. निरनिराळ्या धर्मांचे लोक एकाच पाण्यावर जगूं लागले म्हणजे त्यांच्यांत जो सलोखा उत्पन्न होतो, तो उपदेशानें उत्पन्न होणाऱ्या सलोख्याहून टिकाऊ असतो.

परंतु जें पाणी जीवन देतें तेंच रोगही देतें. महाराष्ट्रांत जेथें जेथें पायऱ्यांच्या विहिरी होत्या, तेथें नारूचा रोग पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून होता. नारू झालेला मनुष्य पाण्यांत उतरला म्हणजे त्याच्या व्रणांतून सूक्ष्म अळ्या पाण्यांत पडत. त्या पाण्यांतील बारीक जीवांच्या पोटांत वाढत आणि तें पाणी पिणाराच्या देहांत वर्षभरानें हात हात लांबीचा जंत होऊन बाहेर पडत. यावर लस नव्हती कीं खात्रीचें औषध नव्हतें. पाणी फडक्यानें गाळून पिणें आणि पायऱ्या बुजवून विहिरीला रहाट बसविणें, एवढाच उपाय. पण तो देशभर नेटानें केला गेला आणि १९९६ सालीं भारतांत नारूचा शेवटचा रोगी आढळला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा देश नारूमुक्त ठरविला.

इकडे नगर वाढत चाललें. स्वातंत्र्यानंतर बिंदुसरेवर धरण झालें. तेंही अपुरें पडूं लागलें, तेव्हां सिंदफणेवरील माजलगांवच्या धरणांतून पाणी आणावें लागलें. २०११ च्या शिरगणतींत बीडची वस्ती १,४६,७०९ भरली. कोरडें पात्र निरुपद्रवी समजून घरें नदीच्या अगदीं कडेला येऊन भिडलीं होतीं. पण जुलै १९८९ मध्यें बिंदुसरेला महापूर आला आणि वस्त्यांच्या वस्त्या वाहून गेल्या. नदी आटते, आपली वाट मात्र ती विसरत नाहीं.

पाण्याच्या या अनिश्चितीनेंच जिल्ह्यांतील लाखों माणसांना वाटेला लाविलें आहे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडें गाडीवर वा ट्रकवर चढतात आणि ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. गांवांत उरतात तीं म्हातारीं माणसें. असें असूनही खुद्द बीड नगराला आगगाडी फार उशिरां दिसली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५ सालीं मंजूर झाला. बीडच्या स्थानकांत पहिली प्रवासी गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, हैदराबाद संस्थान मुक्त झाल्याला बरोबर ७७ वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं.

आगगाडी आली, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र ती परगांवीं जाणारांचीच वाहतूक करणार कीं परत येणारांनाही आणणार, हें रुळांवर अवलंबून नाहीं. जेथें बाराही महिने पाणी आहे, तेथून मनुष्य सहसा बिऱ्हाड हलवीत नाहीं. चार शतकांपूर्वीं ज्यांनीं डोंगराच्या पोटांतील झरा शोधून तो शेतापर्यंत पोंचविला, त्यांना हें पुरतें ठाऊक होतें.