तालमीतला गडी आणि घरचं हसू

आखाड्यातला पैलवान जवळ आला की लहान मूल आधी बिचकतं. पण तोच पैलवान कुस्ती आटोपल्यावर अंगाची माती झटकतो, त्या मुलाला खांद्यावर घेतो आणि मुद्दाम लंगडत चालू लागतो. मग मूल खदखदून हसतं आणि भोवतालची मोठी माणसंही हसतात. एखादा किडकिडीत माणूस असा लंगडला, तर आपण त्याची कीव करू. हसू येतं ते अंगात बळ असून ते बाजूला ठेवणाऱ्याचं. आपल्या चित्रपटात ही गंमत कशी आली, ते आज पाहायचं आहे.

ही हकिगत आपल्या वऱ्हाडातच सुरू होते. उंद्रीहून खामगाव गाठावं, तिथून अकोला, आणि अकोल्याच्या पुढं अमरावती. या अमरावतीत 1 ऑगस्ट 1913 रोजी भगवान आबाजी पालव यांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, 1914 साली, त्याच गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. म्हणजे दंडबैठका आणि लाठी-मल्लखांबाची आवड त्या गावच्या हवेतच होती म्हणा ना! भगवानचे वडील मात्र मुंबईला कापडाच्या गिरणीत कामाला होते. पोरगा वाढला तो मुंबईच्या कामगार वस्तीत. त्यानं स्वतःही मजुरी केली, तालीम केली आणि सिनेमाचं वेड घेतलं.

त्या काळी सिनेमा मुका होता, आणि मुक्या सिनेमाचा राजा होता मास्टर विठ्ठल. तलवार चालवणारा, भिंतीवरून उड्या घेणारा हा मराठी गडी. अमेरिकेतल्या डग्लस फेअरबँक्सचं नाव देऊन लोक त्याचं कौतुक करत. 1931 साली 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट आला, त्याचा नायकही विठ्ठलच होता. पण तलवारीइतकी त्याची उर्दू जीभ चालेना, म्हणून बऱ्याचशा भागात त्याच्या तोंडी बोलणंच ठेवलं नाही, असं सांगतात. यातली मेख ध्यानात घ्या. मारामारीच्या नटाचं खरं भांडवल त्याचं अंग. भाषा मागाहून येते.

भगवानचं दैवत हाच विठ्ठल. 1938 साली 'बहादूर किसान' या चित्रपटाच्या दिग्दर्शनात भगवानचा हात लागला आणि तिथून दहा-बारा वर्षं त्यानं हाणामारीच्या चित्रपटांचा सपाटा लावला. पैसा थोडा, दिवस थोडे. कपडेपट काय, मंडळींचं जेवण काय, सगळं तोच पाही. हे चित्रपट पाहायला येई तो गिरणी कामगार, हमाल, टांगेवाला आणि जत्रेतल्या तंबूत जमणारा खेडूत. दिवसभर राबलेल्या या माणसाला पडद्यावर आपल्यासारखाच एक रांगडा गडी दुष्टाला लोळवताना दिसे, आणि तो शिट्टी मारी. शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली. घरच्या बायामाणसांनी हे पाहू नये, अशीही समजूत होती. बापे तंबूत आणि बायका घरी, अशी ही वाटणी होती.

आणि मारामारी नुसती खोटी नसते. 1942 च्या सुमाराची गोष्ट. एका चित्रपटात भगवानला ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. मारायचा अभिनय करायचा, पण हात जोरात बसला. तालमीत कमावलेला हात तो! बाईंच्या चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि काही वर्षं उपचारांत गेली. नायिकेची कामं संपली. पण येवल्याची ही बाई हिंमतीची. तोच बारीक झालेला डोळा घेऊन त्यांनी खाष्ट सासवा अशा रंगवल्या, की बायका पडद्याकडे पाहून बोटं मोडत. 1959 च्या 'अनाडी'त त्यांनीच वरून कडक आणि आतून मायाळू अशी घरमालकीण उभी केली. बळ आवरता आलं नाही, तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट या प्रसंगात फार कठोरपणे दिसते.

पुढं राज कपूर यांनी भगवानला सुचवलं, की एक सामाजिक चित्रपट काढून पाहा. भगवाननं मनावर घेतलं, आणि 1951 साली आला 'अलबेला'. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, नायकही तोच. नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. भगवानच्या स्टंटपटांच्या दिवसांपासूनचे हे दोस्त.

या चित्रपटाची गोष्ट काय? प्यारेलाल नावाचा एक साधा नोकरदार, नाटकाचं वेड लागलेला. घरी बहिणीचं लग्न निघालं आहे, पैसा हवा, आणि हा कमावत नाही. बोलणी खाऊन तो घराबाहेर पडतो, रंगभूमीवर नाव काढतो, घरी पैसे पाठवत राहतो. परत येऊन पाहतो तो काय? आई गेलेली, घर उघड्यावर पडलेलं. पाठवलेले पैसे मधल्यामध्ये नातलगानंच गिळलेले! ज्यांच्या घरचं पोरगं मुंबईला असे आणि महिन्याच्या मनीऑर्डरीकडे ज्यांचे डोळे लागलेले असत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

पण लोक तिकीट काढत ते हसण्यासाठी आणि भगवानचा नाच पाहण्यासाठी. हा नाच कसा होता? गडी ठेंगणा, अंगानं भरलेला. पाय फार हलवायचा नाही. गुडघे किंचित वाकवायचे, खांदे उडवायचे, हात सैल सोडून डोलवायचे आणि चेहऱ्यावर असा निष्पाप भाव, की जणू हे सारं आपोआपच घडतं आहे. कुस्तीतला पवित्रा आठवा, म्हणजे हा नाच कुठून आला ते कळेल. ज्या अंगानं दहा वर्षं माणसं उचलून आपटली, तेच अंग आता ठेक्यावर डुलू लागलं. त्याच चित्रपटात मुलांना निजवण्याची अंगाईही आहे. पूर्वी बाप एकटाच तंबूत जाई. आता तो बायकोमुलांना घेऊन निघाला. त्या साली 'आवारा' आणि 'बाजी' गाजत होते, त्यांच्या पंगतीला हा स्टंटवाल्याचा चित्रपट जाऊन बसला.

पुढची हकिगत दुःखाची आहे. 1953 चा 'झमेला' आणि 1966 चा 'लाबेला' यांना ती बरकत आली नाही. 'हँसते रहना' नावाच्या चित्रपटात पैसा गुंतवला, तो पुरा झाला नाही. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले. बहुतेक जुन्या स्टंटपटांच्या प्रतीही आगीत जळाल्या. हसवणारा भगवान आज पाहता येतो, पण ज्या भगवानवर कामगार शिट्ट्या मारत, तो जवळजवळ नाहीसाच झाला. 4 फेब्रुवारी 2002 रोजी दादा गेले. दादरच्या गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबून 'अलबेला'ची गाणी वाजवत, असं सांगतात. 2016 साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला आणि मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली.

त्यांनी पाडलेली वाट मात्र बुजली नाही. 1975 साली 'शोले'त बंदूक चालवणारे धर्मेंद्र त्याच वर्षी 'चुपके चुपके'त मोटारीचा ड्रायव्हर बनून शुद्ध हिंदीची थट्टा करताना दिसले. 2000 साली 'हेराफेरी' आला. अक्षय कुमार आणि सुनील शेट्टी हे दोघे मारामारीचे नट, आणि त्यांचा घरमालक कोण, तर बाबूराव गणपतराव आपटे! ती भूमिका परेश रावल यांची. 2003 साली आपल्या नागपूरच्या राजकुमार हिरानी यांनी 'मुन्नाभाई एमबीबीएस'मध्ये संजय दत्तला गुंडाचा डॉक्टर केला, आणि त्याच्याकडून लोकांना मिठ्या मारवून घेतल्या. अमेरिकेतही हेच झालं. पिळदार अंगाचा अर्नोल्ड श्वार्झनेगर 1990 साली बालवाडीतल्या पोरांना आवरता आवरता थकलेला दिसला. सगळीकडे युक्ती एकच. बलवानासमोर असं काही ठेवायचं, की तिथं बळाचा उपयोग नाही. कधी पोरं, कधी भाषा, कधी आजारी माणूस.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. शाळेत मुलं विनोद करतात तो पुष्कळदा दुबळ्यावर असतो. तोतरा, लंगडा, गरीब, यांची नक्कल निघते. अशा वेळी वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाला नाटुकल्यात घाबरटाचं काम द्या. तो मनापासून घाबरला, की सगळा वर्ग हसेल आणि कुणाचंही मन दुखणार नाही. त्या मुलालाही कळेल, की धाक दाखवून जी माणसं दूर सरतात, तीच हसवल्यावर जवळ येऊन बसतात. भगवानदादांना हे उमगायला दहा-बारा वर्षं हाणामारी करावी लागली. आपल्या मुलांना ते एका तासात सांगता येईल.