फुटक्या मडक्याची साक्ष

मडके फुटले की खापऱ्या उकिरड्यावर जातात. रुमाना हुसेन यांनी मात्र त्याच खापऱ्या साक्षीला उभ्या केल्या.

१९५२ साली बंगळूरला जन्मलेल्या रुमाना मुंबईत चित्रे काढीत. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि पाठोपाठ मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. या घटनांनंतर रुमानांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. १९९३ पासून त्या फुटकी मडकी, आरसा, गेरू, नीळ अशा घरगुती वस्तू मांडू लागल्या.

पालथ्या मडक्याचा आकार घुमटासारखा असतो. म्हणून फुटलेले मडके पाहिले की ढासळलेला घुमट आठवतो. पण मडके स्वयंपाकघरातले असते, बाईच्या हातातले असते. मशिदीबरोबर घरेही मोडली, हे त्या खापऱ्या सांगतात.

१९९९ मध्ये कर्करोगाने रुमानांचे निधन झाले.

इतिहास शिकवताना मी सनावळी फळ्यावर लिहितो. तासानंतर ती पुसली जाते. रुमानांनी तुकडे जोडून मडके धड असल्याचा आव आणला नाही. ते तसेच समोर ठेवले. आपल्या वस्त्यांतल्या अशा किती खापऱ्या आपण जपून ठेवल्या?