प्राप्तिकराकडून विक्रीकराकडे : ब्रिटनमधील १९७९ चा करबदल

प्राप्तिकर घटवून त्याची भरपाई विक्रीवरील करातून केल्यास, मूळ वेतने खाली येत नसल्यामुळे, एकूण करभार तेवढाच राहूनही किंमती वाढतात. ब्रिटनमध्ये याचा प्रत्यय आला. हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी १२ जून १९७९ रोजी प्राप्तिकराचा मूळ दर ३३ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणि अर्जित उत्पन्नावरील कमाल दर ८३ वरून ६० टक्क्यांवर आणला. मूल्यवर्धित कराचे ८ व १२.५ टक्के हे दर जाऊन १५ टक्के हा एकच दर आला. बहुतेक खाद्यपदार्थांना तो लागू नव्हता. तरीही किरकोळ किंमतींच्या निर्देशांकात सु. ३.५ टक्के भर पडली. प्राप्तिकर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्यांच्या वाट्याला केवळ ही महागाई आली. हाती पडणारे वेतन वाढले आहे, हे दाखविण्यासाठी सरकारने ऑगस्टमध्ये कर व किंमती यांचा संयुक्त निर्देशांक सुरू केला. वेतनाच्या वाटाघाटी मात्र जुन्याच निर्देशांकाकडे पाहून होत राहिल्या. त्यात खनिज तेलाच्या दरवाढीची भर पडून मे १९८० मध्ये चलनवाढीचा वार्षिक दर २१.९ टक्क्यांवर पोहोचला. पुढे १९८१ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराची सूटमर्यादा महागाईनुसार वाढविण्यात आली नाही. तेव्हा सरकारचा हा नवा निर्देशांकच जुन्यापेक्षा अधिक वेगाने चढू लागला.