आजीच्या हातावरची तुळस

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर जरा आजूबाजूला बघा. शेजारच्या मुलाच्या मनगटावर टॅटू असेल, आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईच्या हातावर हिरवं गोंदण. दोन्ही एकच कला. पण दोघांमध्ये एक मोठा फरक आहे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय. मी पुण्यात टॅटू आर्टिस्ट आहे. हा फरक कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यात एक चूकही झाली.

सुरुवात माझ्या आजीपासून. साताऱ्याजवळचं आमचं गाव. आजीच्या कपाळावर ठिपके, हनुवटीवर एक ठिपका, उजव्या हातावर तुळस आणि डाव्या हातावर आजोबांचं नाव. लहानपणी मी त्या तुळशीवरून बोट फिरवत झोपायचे. पुढे टॅटूचं काम शिकायला लागले तेव्हा पहिलं चित्र वहीत उतरवलं ते याच तुळशीचं.

गोंदणारीण कशी यायची ते आजी सांगायची. भटक्या जमातीतली बाई, खांद्याला झोळी. दारात बसायची, घरात तिला कुणी घ्यायचं नाही. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत कालवलेलं काजळ. पोरीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तोंडाने गाणं चालू. काम झालं की वर हळद लावायची आणि पदरात धान्य घेऊन पुढच्या गावाला जायची. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं बायका मानायच्या.

मला हे सगळं फार भारी वाटायचं. एकदा सुट्टीत मी आजीला म्हटलं, "आजी, तुझा अख्खा हात मी माझ्या हातावर गोंदवणार. आपली परंपरा आहे ही." आजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं का? नऊ वर्साची व्हते. आईनं हात धरला, आत्तीनं पाय."

मी गप्प झाले. या कलेचा इतिहास मी तोवर फक्त चित्रांचा इतिहास म्हणून वाचत होते. त्या दिवसानंतर प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधायला लागले: हे कातडीवर कुणी ठरवून काढलं?

शोधताना सापडलं ते अस्वस्थ करणारं होतं. 1797 साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये नियम केला की जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदायचा. याला शब्दही आपलाच वापरला, 'गोदना'. आपल्याकडे ज्या जागी सौभाग्याचे ठिपके असायचे, तिथेच सरकारने शिक्का मारला. तो लपवायला कैदी पागोटं भुवयांपर्यंत खाली ओढायचे. ही शिक्षा 1849 साली बंद झाली. मग 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने देशातल्या अनेक भटक्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. हा शिक्का कातडीवर दिसत नव्हता, पण पुसलाही जात नव्हता. तो कायदा रद्द झाला 1952 साली.

आता माझ्या मशीनकडे येऊ. एडिसनने 1876 साली कागदाला भोकं पाडून प्रती काढणाऱ्या इलेक्ट्रिक पेनाचं पेटंट घेतलं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने 1891 साली टॅटू मशीनचं पेटंट मिळवलं. ऑफिसच्या कामाचं यंत्र माणसाच्या कातडीवर आलं ते असं! मी शिकले ते आधी संत्र्यांवर, मग नकली कातडीवर, मग स्वतःच्या मांडीवर. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत गेली पाहिजे. कमी गेली तर शाई निघून जाते, जास्त गेली तर पसरते.

आणि शाई टिकते कशी? आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी तिला परकी समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की शाई बाहेर पडते आणि नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे एकदा कातडीत गेलेलं ओझं शरीर आयुष्यभर एका हातातून दुसऱ्या हातात देत राहतं. म्हणून आत काय घालायचं, हे ज्याचं त्यानेच ठरवायला हवं.

हे सगळं माहीत असूनही मी चुकले. स्टुडिओत एक जोडपं आलं. साखरपुडा झालेला. मुलीच्या मनगटावर त्याचं नाव हवं होतं. फॉन्ट त्याने निवडला, साइज त्याने सांगितला, पैसे त्याने दिले. ती हसत होती, पण बोलली काहीच नाही. मी स्टेन्सिल लावलं आणि वीस मिनिटांत काम संपवलं. आठ महिन्यांनी ती एकटीच आली. म्हणाली, "ताई, हे झाकता येईल का?" कव्हर-अप करताना मला आजीचे धरलेले हातपाय आठवत होते. इथे कुणी कुणाला धरलं नव्हतं. पण विचारलं तरी कुठे होतं? तिला मी विचारायला हवं होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. सोबत कुणीही आलं असो, आधी पाच मिनिटं क्लायंटशी एकटीने बोलते. "तुला हवंय का हे?" एवढाच प्रश्न. काही जण विचार करून येतो म्हणतात आणि परत येत नाहीत. त्या दिवशी धंदा बुडतो. चालतंय.

मग एका दिवाळीत मी आजीला नीट विचारलं, "आजी, तुझ्या हातावरचं घेऊ का मी?" तिने दोन्ही हात समोर धरले, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तुळस घे. नाव नको घेऊस."

आजी आता नाही. माझ्या उजव्या हातावर तिची तुळस आहे, एक पान जरा वाकडं, अगदी तिच्यासारखंच. डावा हात मी मोकळा ठेवलाय.

तुमच्या घरात कुणाच्या हातावर गोंदण असेल, तर आज फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. चित्र कशाचं आहे ते विचाराच, पण तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात!