स्लॉट कार : शर्यत जिंकून देणारे टायर

खोबणीतून धावणाऱ्या विजेच्या छोट्या मोटारीला स्लॉट कार म्हणतात. ब्रिटनमधील मिनिमॉडेल्स या कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या ‘स्केलेक्स’ या चावीच्या मोटारींना विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्सट्रिक’ या नावाने हा खेळ मांडला. घरगुती शर्यतींत १:३२ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. म्हणजे साडेचार मीटर लांबीची खरी मोटार येथे अवघ्या चौदा सेंटिमीटरची होते.

मार्गाच्या मधोमध खोबण आणि तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या नाकाखालचे पाते, म्हणजे गाइड, खोबणीत उतरते आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या तारांच्या विणलेल्या फिती पट्ट्यांवर घासत मोटरला वीज पोहोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात फक्त नियंत्रकाचा घोडा असतो. तो जितका दाबावा तितकी गाडी वेगवान. सुकाणू नाही, त्यामुळे वळणावर वेग बेताबाहेर गेला की गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाते, गाइड खोबणीतून सुटते आणि गाडी उलटते. ती उचलून पुन्हा मार्गावर ठेवेपर्यंत प्रतिस्पर्धी कितीतरी पुढे निघून जातो.

नवखा खेळाडू गाडी वेगवान करायची म्हणून प्रथम अधिक शक्तीची मोटर विकत आणतो आणि पैसे वाया घालवतो. बारा व्होल्टवर चालणारी साधी मोटरही मिनिटाला सुमारे १८ हजार फेरे घेते. दोन-तीन मीटरच्या सरळ मार्गावर तेवढाही वेग पुरता वापरता येत नाही. फेरीचा वेळ वाया जातो तो वळणांवर, आणि तेथे कामाला येतात ते मागचे टायर.

कारखान्यातून आलेले टायर दिसायला गोल असले तरी बहुधा पूर्ण गोल नसतात. त्यांची उंची कुठे कमी, कुठे जास्त असते. अशी गाडी वेगात थरथरते आणि टायरचा पूर्ण पृष्ठभाग मार्गाला टेकत नाही. यावरचा उपाय स्वस्त आहे. टायर रिमला पक्का चिकटवावा, सपाट फळीवर पॉलिश पेपर डकवावा, मोटरला अगदी कमी दाबाची वीज द्यावी आणि फिरती मागची चाके त्यावर हलकेच टेकवावीत. आधी थोडा खरखरीत, मग बारीक कागद घ्यावा. टायरवर शाईच्या पेनाने आडव्या रेघा ओढल्या तर घासणे कुठवर आले ते कळते. शाई उरली तेथे अजून खळगा आहे. घाई करू नये, कारण तापलेले रबर फाटते. हे अर्ध्या तासाचे काम नव्या मोटरपेक्षा अधिक फळ देते. सिलिकॉन किंवा युरेथेनचे टायर स्वच्छ प्लॅस्टिकच्या मार्गावर चांगली पकड देतात, परंतु धूळ लागताच ते निसरडे होतात. शर्यतीपूर्वी त्यांवर चिकटपट्टी दाबून धूळ काढतात. पुढच्या टायरांचे उलट आहे. त्यांना पकड नकोच. म्हणून अनुभवी मंडळी त्यांवर नेलपॉलिशचा पातळ थर देतात आणि ती चाके मार्गाला जेमतेम टेकतील अशी ठेवतात, जेणेकरून गाइड खोबणीत पूर्ण खोल बसेल.

दुसरी युक्ती तर फुकटची आहे. गाडीचे कवच सांगाड्याला आवळणारे स्क्रू सुमारे अर्धा फेरा सैल करावेत. कवच किंचित हलू लागले की सांगाड्याचे धक्के त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि मागची चाके मार्ग सोडत नाहीत. फितींची टोके किंचित फुलवून सपाट ठेवावीत. आस आणि बेअरिंगवर तेलाचा एखादाच थेंब पुरे. ते तेल टायरवर वा फितींवर गेले तर केलेली मेहनत फुकट.

गिअरचे गणित सोपे आहे. मोटरवरील पिनियनला ९ आणि आसावरील गिअरला २७ दाते असतील, तर मोटर तीनदा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. आसावरील दाते कमी केल्यास सरळ मार्गावरचा वेग वाढतो, मात्र उठाव मंदावतो आणि घोडा सोडल्यावर लागणारा ब्रेकही दुबळा होतो. नागमोडी मार्गावर हा सौदा तोट्याचाच.

खरा वाद आहे तो लोहचुंबकाचा. आजच्या बहुतेक स्केलेक्सट्रिक गाड्यांच्या पोटात चुंबकाची लहान वडी असते. ती मार्गातील पोलादी पट्ट्यांकडे ओढली जाते आणि गाडी वळणावर चिकटून राहते. वडी मार्गाच्या जितकी जवळ, तितकी ओढ अधिक. मुलांना त्यामुळे खेळ सोपा जातो हे खरे. पण चुंबकाची ओढ संपते ती एका क्षणात, आणि तोवर वेग इतका वाढलेला असतो की गाडी थेट टेबलाखाली सापडते. अनेक क्लब म्हणूनच चुंबक काढून शर्यत लावतात. मग गाडी खऱ्या मोटारीसारखी मागून घसरू लागते आणि घसरण्याची पूर्वसूचनाही देते. वेग घटतो, पण बोटाचे कसब दिसते. चुंबक काढलेल्या गाडीला शिशाचे पातळ तुकडे गाइडच्या मागे, शक्य तितके खाली चिकटवून तोल देता येतो. वजन फार झाले तर ती सुस्तावते. लाकडी मार्गावर तांब्याची पट्टी असेल तर चुंबकाचा उपयोगच नसतो.

कुठलाही बदल एका वेळी एकच करावा आणि त्यानंतर दहा फेऱ्यांची वेळ लिहून ठेवावी. दोन बदल एकदम केले तर गाडी सुधारली कशामुळे, हे कळत नाही. एवढे सारे झाल्यावरही सरळ मार्गावर गाडी मागे पडत असेल, तर मग मोटरकडे वळावे.